उपाशी उंदीर आणि मूठभर मुरमुरे



या व्याख्यानाचं निमंत्रण द्यायला मंडळी घरी आली तेव्हा म्हणाली, "सर, विषय शुगरचाच घ्या. हॉल भरेल." हॉल भरलाय. आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बिया यांवर मी आज एक अक्षरही बोलणार नाही. त्यासाठी कोणी आलं असेल तर बाहेर चहा तयार आहे, मनात काही न आणता उठावं. (कोणी उठत नाही, म्हणजे एकतर सगळे विज्ञानासाठी आलेत, नाहीतर चहा अजून व्हायचाय.)

ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी मला आठवीत विज्ञान शिकवलं. प्रयोगवही तपासताना ते तांबड्या पेन्सिलीनं एकच वाक्य लिहीत, "कृती आहे, कारण कुठे आहे?" मीठ वेगळं करण्याची कृती मी सुरेख अक्षरात उतरवलेली असे. गाळण का करायचं हे मात्र लिहिलेलं नसे. हे वाक्य मला पुढे बारा-तेरा वर्षांनी किती महागात पडलं, तीच आजची गोष्ट. पण त्याआधी थोडी ओळख करून द्यावी लागेल.

जठराच्या मागे, पाठीच्या बाजूला आडवं पडलेलं स्वादुपिंड तुम्हाला माहीत आहे. वजन जेमतेम शंभर ग्रॅम. त्यातला बहुतेक भाग पाचकरस करण्यात गुंतलेला असतो. पण मधूनमधून, बांधीत एखादं उंचवट्याचं ढिपाड राहावं तशी पेशींची बारीक बेटं असतात. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. ही बेटं कशासाठी आहेत हे त्याला सांगता आलं नाही, पण आहेत हे त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. माणसात अशी सुमारे दहा लाख बेटं असतात. सगळी गोळा करून तराजूत टाकली तर भरतील एक-दोन ग्रॅम. एक-दोन ग्रॅम म्हणजे किती? चिमूटभर तांदूळ. इन्शुलिन करणाऱ्या बीटा पेशी या चिमटीतच बसतात, आणि साठ किलोचा देह त्या चिमटीवर चालतो.

आता प्रश्न असा की रक्तात साखर वाढली हे या पेशीला कळतं कसं? तिला जीभ नाही, नाक नाही. बाकीच्या पेशी साखर जाळतात भूक भागवायला. बीटा पेशी साखर जाळते मोजायला. तिचं दार साखरेसाठी सताड उघडं असतं. रक्तात जितकी साखर, तितकी आत येते. आत आली की ग्लुकोकायनेज नावाचं विकर तिला हात लावतं. तिथून ती पुढे मायटोकाँड्रियात जाते, जळते, आणि एटीपी तयार होतं. एटीपी म्हणजे पेशीच्या बाजारातली रोख रक्कम. (हे एटीपी शोधणाऱ्यांमध्ये १९२९ साली आपला एक माणूस होता, भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. हार्वर्डमध्ये काम करत होते. नोबेल नाही मिळालं. असो.) तर रोख वाढली की पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची फाटकं बंद होतात, कॅल्शियमची उघडतात, आणि इन्शुलिनच्या भरलेल्या पिशव्या रक्तात रिकाम्या होतात. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण सकाळी ग्लिमेपिराईडची गोळी घेतात. ती गोळी हेच पोटॅशियमचं फाटक बाहेरून लोटते.

म्हणजे या पेशीची चूल आणि या पेशीचं मोजमाप, दोन्ही एकच आहे. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं यातूनच निघणार आहे.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला औष्णिक वीज केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे ५ संच. तिथे नोकरीला असलेल्या कोणत्याही पोराला विचारा, तयार झालेली सगळी वीज तारेवर जाते का? नाही जात. कोळसा दळायच्या गिरण्या, पाण्याचे पंप, हवेचे पंखे, राख उचलायची यंत्रणा, सगळं त्याच विजेवर चालतं. केंद्राची स्वतःची वीज गेली तर केंद्र चालू राहत नाही. बीटा पेशीचंही तसंच. इन्शुलिन करणं हे फार खर्चाचं काम आहे. मागणी जोरात असताना एकेक पेशी मिनिटाला दहा लाखांच्या घरात कच्चं इन्शुलिन घडवते असा हिशेब मांडलेला आहे. प्रत्येक रेणूला गंधकाचे तीन टाके घालावे लागतात आणि टाका घालताना हायड्रोजन पेरॉक्साईडसारखा कचरा निघतो. तो कचरा उचलायला पुन्हा ऊर्जाच लागते. माल विकायला ऊर्जा, घर झाडायला ऊर्जा. ऊर्जा कमी पडली तर आधी काय थांबतं? झाडू थांबतो.

आता या पेशीला मारणाऱ्या विषाकडे येतो.

अलॉक्सन नावाचा पदार्थ १८३८ साली जर्मनीत व्हूलर आणि लीबिग यांनी युरिक आम्लापासून केला. पुढची शंभर वर्षं तो रसायनशाळेच्या फडताळात पडून होता. मग १९४३. युद्ध चालू होतं. ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या माणसांची मूत्रपिंडं का बंद पडतात याचा शोध ग्लासगोत डन आणि त्यांचे सहकारी घेत होते. मूत्रपिंडाला इजा करणारी रसायनं ते सशांना टोचून पाहत होते, त्यात अलॉक्सनही होतं. ससे मेले. शवविच्छेदनात पाहिलं तर स्वादुपिंडातली बेटं जळून गेलेली, आणि बेटांभोवतालचं स्वादुपिंड शाबूत. शोधायला गेले मूत्रपिंड आणि हाती आला मधुमेह. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत उंदरांना मधुमेह 'लावायचा' असेल तर अलॉक्सन टोचतात.

हे विष नेमकं बीटा पेशीलाच का गाठतं? कारण त्याचा रेणू ग्लुकोजसारखा दिसतो. साखरेसाठी उघडं ठेवलेलं दार त्यालाही उघडं मिळतं. आत गेल्यावर ते पेशीतल्या ग्लुटाथायोनकडून इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्सिजनला देतं, पुन्हा घेतं, पुन्हा देतं. अशा फेऱ्या चालू राहतात आणि प्रत्येक फेरीत पेरॉक्साईड तयार होतं. यकृताच्या पेशीत अशा पेरॉक्साईडचा फडशा पाडणारं कॅटलेज भरपूर असतं. बीटा पेशीत ते जवळजवळ नसल्यातच जमा.

१९७९ साली मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थी होतो. माझं काम साधं होतं. बारा पांढरे उंदीर घ्यायचे, रात्रभर उपाशी ठेवायचे, सकाळी अलॉक्सन टोचायचं. अलॉक्सन फार नाजूक. शरीराच्या तापमानाला, रक्ताच्या सामूला त्याचं अर्धं दीडेक मिनिटात संपतं. म्हणून बर्फात ठेवलेलं द्रावण, शेजारी भरलेली सिरिंज, आणि घाई. टोचल्यावर काही तासांनी उंदरांना साखरपाणी द्यावं लागतं. का? मरणाऱ्या पेशी आपल्याजवळचं सगळं इन्शुलिन एकदम सांडून टाकतात, रक्तातली साखर धाडकन खाली येते आणि उंदीर झटके येऊन मरतात. दोन-तीन दिवसांनी मग खरा मधुमेह दिसतो. पिंजऱ्याखालच्या कागदावरची लघवी गोळा करायची, बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात आठ थेंब टाकून उकळायची. साखर नसेल तर नळी निळीच राहते. असेल तर हिरवी, पिवळी, नारिंगी, आणि भरपूर असेल तर विटेसारखी लाल.

चौथ्या दिवशी मी बारा नळ्या ओळीनं लावल्या. सात लाल झाल्या. पाच निळ्या.

पाच निळ्या! एकाच बाटलीतलं औषध, एकच हात, एकच सकाळ. मी पुन्हा उकळल्या. निळ्याच. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, "उपाशी होते ना?" मी म्हटलं, "हो सर, पद्धतीत लिहिलंय तसं." पद्धतीत लिहिलं होतं, 'रात्रभर उपाशी'. मी ते उतरवून घेतलं होतं. कृती होती. कारण कुठे होतं?

आठवड्यानं उलगडा झाला. आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. गोरेगाव तालुक्यातले, बांधीत राबलेला माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "साहेब, रागावू नका. त्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातली पोरं रातभर लय चीं चीं करत होती. मी सकाळी येताना मूठभर मुरमुरे टाकले." कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात उंदीर होते पाच.

मी रागावलो. आज सांगायला लाज वाटते, पण चांगलाच रागावलो. नंतर ग्रंथालयात जाऊन पाहिलं तर कळलं की ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक होती. अलॉक्सनच्या आधी ग्लुकोज दिलं तर जनावर वाचतं. अलॉक्सननंतर काही मिनिटांनी दिलं तर काही उपयोग नाही. 'रात्रभर उपाशी' हे दोन शब्द पद्धतीत होते ते याचसाठी. पेशीची चूल विझवून ठेवायची, मग वार करायचा.

पण थांबा. चूल पेटलेली होती म्हणून पेशी वाचली, हे मी इतक्या सहज कसं म्हणतो? वकील मंडळी समोर बसली आहेत, ती लगेच उठतील. म्हणतील, कशावरून? दाराशी साखरेची गर्दी झाली, म्हणून अलॉक्सनला आत शिरायला जागाच मिळाली नसेल. रेशनच्या दुकानात रांग लागली की मागचा परत जातो, तसं. आक्षेप बरोबर आहे, आणि शास्त्रज्ञांनी यावर वर्षानुवर्षं वाद घातला. ग्लुकोजचा एक सावत्र भाऊ आहे. तो दारातून आत जातो पण जळत नाही. तोही अलॉक्सनपासून वाचवतो, म्हणजे दाराशी गर्दीचं म्हणणं खोटं नाही. पण दुसऱ्या बाजूला मॅनोहेप्ट्युलोज नावाचं एक द्रव्य आहे. ते दिलं की साखर जळण्याची पहिली पायरीच अडते. साखर आहे, पण चूल विझलेली. अशा वेळी ग्लुकोजचं संरक्षण नाहीसं होतं. म्हणजे दारही खरं आणि चूलही खरी. विज्ञानात 'हे की ते' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा 'दोन्ही, पण किती किती ते पाहा' असं येतं.

१९८६ साली ब्रुसेल्समध्ये पिपलेअर्स आणि व्हान दे विंकेल यांनी हा प्रश्न फार देखण्या रीतीनं पुढे नेला. बेटात निरनिराळ्या पेशींची सरमिसळ असते. बीटा पेशी त्यातून निवडायच्या कशा? त्यांनी पाहिलं की या पेशींवर विशिष्ट प्रकाश टाकला की त्या स्वतःच मंद चमकतात, कारण साखर जाळणाऱ्या यंत्रणेतली काही द्रव्यं त्या प्रकाशात उजळतात. त्या चमकीवरून यंत्रानं एकेक पेशी वेगळी काढायची. मिलमध्ये सोर्टेक्स यंत्र काळा दाणा ओळखून उडवतं ना, अगदी तसं. अशा निवडलेल्या पेशींवर विषं टाकली तेव्हा स्पष्ट झालं की या पेशी अगदीच निराधार नाहीत. त्यांच्याजवळ स्वतःचं संरक्षण आहे, आणि त्या वेळी त्यांच्यात किती जाळ चालू आहे यावर त्याची ताकद ठरते.

जाळ नेमकं करतो काय? साखर जळताना एटीपीबरोबर आणखी एक वस्तू तयार होते, एनएडीपीएच. एटीपी रोख रक्कम असेल तर हा घरात ठेवलेला साबण. पेरॉक्साईड धुऊन काढणाऱ्या यंत्रणेला तोच लागतो. मघाशी मी म्हटलं की बीटा पेशीत कॅटलेज नसल्यातच जमा. त्यावरून पुष्कळ वर्षं पाठ्यपुस्तकांत लिहीत आले की ही पेशी बिनहत्यारी आहे. मीही विद्यार्थ्यांना तसंच शिकवलं. २०१९ साली मिलवॉकीच्या संशोधकांनी दाखवलं की बीटा पेशी पेरॉक्साईड चांगलं धुते, फक्त कॅटलेजनं नाही, पेरॉक्सिरेडॉक्सिन आणि थायोरेडॉक्सिन या जोडीनं. ही जोडी कशावर चालते? एनएडीपीएचवर. आणि एनएडीपीएच येतो कुठून? चुलीतून! आमच्या घरात झाडू नाही असं म्हणत होतो. झाडू होता, तो विजेवर चालणारा होता.

आता दुसरं विष, स्ट्रेप्टोझोटोसिन. हे तर मातीतल्या एका जिवाणूनं केलेलं. जंतुनाशक म्हणून शोधलं गेलं, आणि १९६३ साली कळलं की उंदीर आणि कुत्र्यांना ते मधुमेह लावतं. त्याचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या अंगरख्यात लपवलेला सुरा. ते पेशीच्या डीएनएवर घाव घालतं. तरी पेशी त्या घावानं मरत नाही. ऐका हं, ही गोष्ट मला अजून चटका लावते. डीएनए तुटला की दुरुस्तीला एक विकर धावतं, त्याचं नाव पार्प. पार्पला दुरुस्तीसाठी लागतं एनएडी. एखाददुसरा घाव असेल तर ठीक. पण घाव शेकड्यांनी असले की पार्प भान हरपून एनएडी उधळत सुटतं. एनएडी संपलं की साखर जळणं थांबतं. एटीपी संपतं. पेशी मरते. घर लुटायला आलेल्यानं मारलं नाही, दुरुस्तीच्या खर्चानं दिवाळं निघालं. जपानमध्ये ओकामोतो यांच्या गटानं १९८१ मध्ये हा हिशेब मांडला. पुढे १९९९ मध्ये पार्प नसलेले उंदीर तयार करून त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन दिलं, तर त्यांना मधुमेह झाला नाही.

मग उपाय उघडच दिसतो. एनएडी ज्याच्यापासून बनतं ते निकोटिनामाईड, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या कुटुंबातलं तिसरं, ते आधी देऊन ठेवलं तर? उंदीर वाचतात. फार छान वाचतात. माणसातही एक दारुण प्रसंग घडला होता. १९७५ साली अमेरिकेत उंदीर मारायचं एक नवं औषध बाजारात आलं, व्हॅकॉर. माणसाला निर्धोक म्हणून त्याची जाहिरात झाली. ते काहींच्या पोटात चुकून गेलं, काहींनी जाणूनबुजून घेतलं. जे वाचले त्यांना काही दिवसांतच तीव्र मधुमेह झाला. दक्षिण कोरियातही असे रुग्ण झाले. व्हॅकॉरही पेशीच्या मायटोकाँड्रियाच्या आणि एनएडीच्या मुळावर येणारं. उतारा म्हणून निकोटिनामाईडच वापरलं गेलं. १९७९ मध्ये ते औषध बाजारातून काढून घेतलं.

इतका पुरावा असल्यावर मोठा प्रयोग व्हायलाच हवा होता. झाला. युरोप आणि उत्तर अमेरिकेत, ज्यांच्या घरी पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे आणि ज्यांच्या रक्तात धोक्याची खूण सापडली आहे अशा ५५२ जणांना निवडलं. निम्म्यांना पाच वर्षं निकोटिनामाईडचा मोठा डोस, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. २००४ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत मधुमेह जवळजवळ सारखाच. काही फरक नाही.

का? एक कारण असं की उंदरातलं विष एका सकाळी येतं आणि जातं, तर पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीरातलेच सैनिक वर्षानुवर्षं रोज हल्ला करत असतात. आणि माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे. हे मी गमतीनं म्हणत नाही. १९९४ साली स्वीडनमध्ये उप्साला इथे आयझिरिक आणि सहकाऱ्यांनी माणसाची बेटं उंदराच्या शरीरात रुजवली आणि मग अलॉक्सन टोचलं. उंदराची बेटं गेली, माणसाची टिकली. माणसाच्या बीटा पेशीचं दार वेगळ्या बनावटीचं आहे, ही विषं त्यातून सहज शिरत नाहीत.

इथे जाता जाता मोबाईलवरच्या त्या निरोपाचा समाचार घेतो. "मैद्यात अलॉक्सन असतं, त्यानं शुगर होते." निरोप पाठवणाऱ्याला उंदराची गोष्ट कळली आहे, उप्सालाची कळलेली नाही. मैदा कमी खा, जरूर कमी खा, पण त्याची कारणं दुसरी आहेत.

आणखी एक गैरसमज आत्ताच, या खोलीतच जन्माला येतोय, तोही थांबवतो. दुसऱ्या रांगेतले आजोबा मघापासून हसताहेत. त्यांच्या मनात आलंय, साखर पेशीला वाचवते ना, मग पेढा द्या! आजोबा, मूठभर मुरमुऱ्यांची चूल वेगळी आणि दिवसरात्र धडधडणारी भट्टी वेगळी. महिनोन्‌महिने रक्तात साखर चढलेली असली की तीच पेशी कचऱ्याखाली दबते. ब्रिटनमध्ये २०१७-१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर ठेवलं, आणि वर्षानं त्यातल्या जवळजवळ निम्म्यांची साखर औषधाविना ताळ्यावर होती. म्हणजे पेशी मेलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. (हे घरी करून पाहू नका, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं.)

आता आपल्या गोंदियाकडे येऊ. ब्रुसेल्स आणि उप्साला पुष्कळ झालं.

आपल्या जिल्ह्याला धानाचं कोठार म्हणतात. भरडाईच्या मिलमध्ये तूस निघतं, मग पॉलिशला तांबूस कोंडा निघतो. त्या कोंड्यात काय असतं? पहिलं ब जीवनसत्त्व आणि तिसरं ब जीवनसत्त्व. पहिल्याशिवाय साखर चुलीच्या दारातच अडकते, मायटोकाँड्रियात शिरत नाही. तिसऱ्याशिवाय एनएडी नाही. म्हणजे तांदळाचं इंधन आपण ताटात घेतो आणि चूल चालवायची अवजारं कोंड्याबरोबर गुरांना घालतो, नाहीतर तेलाच्या कारखान्याला देतो. डच डॉक्टर आइकमान यांना जावामध्ये १८९० च्या दशकात कोंबड्यांवरून हे दिसलं. पांढऱ्या तांदळावरच्या कोंबड्या लुळ्या पडल्या, कोंड्यासकटच्या तांदळावर उठून उभ्या राहिल्या. उष्णा तांदळात उकडताना ही जीवनसत्त्वं काही प्रमाणात दाण्याच्या आत जातात, म्हणून तो अरव्यापेक्षा बरा. यावरून कोंडा खाऊन मधुमेह टळतो असं कोणी छापू नये. ५५२ जणांचा निकाल मी आत्ताच सांगितला.

खरा प्रश्न वेगळा आहे. शहरात शुगर म्हटलं की सुटलेलं पोट डोळ्यांपुढे येतं. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडे काम करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, काटकुळा, चाळीस-पंचेचाळीस किलोचा, तिशीतला माणूस मधुमेह घेऊन येतो. हा मधुमेह जुनाच आहे. १९५५ साली जमैकात त्याची नोंद झाली, १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कुपोषणाशी निगडित मधुमेह म्हणून तो यादीत घेतला, १९९९ मध्ये काढून टाकला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तपासून दाखवलं की या रुग्णांचा मूळ घोटाळा आहे इन्शुलिनच कमी तयार होण्याचा. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. यादीतून नाव काढल्यानं रुग्ण नाहीसे होत नाहीत, हे सव्वीस वर्षांनी मान्य झालं. माझ्या मते फार उशिरा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांपासून काम सुरू केलं आणि त्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. अठराव्या वर्षी पाहिलं तर मुलांमध्ये ३७ टक्के आणि मुलींमध्ये १८ टक्के यांची साखर नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. लठ्ठ पोरं नव्हती ही, खेड्यातली सडपातळ पोरं. ज्यांची पोटात असतानाची वाढ कमी, त्यांच्या बीटा पेशींची वाढत्या मागणीला पुरं पडण्याची ताकद कमी. तिरोड्याच्या भाषेत सांगायचं तर पाच संचांचं काम तीन संचांवर. संच तीन असले की दुरुस्तीसाठी एक बंद ठेवायची सोय राहत नाही.

आणि आपल्याकडे तर निदानातच एक खड्डा आहे. इथे घराघरांत लोक बोलताना म्हणतात, "पोरीचा एसएस आहे, माझा एएस." सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आजाराचा पॅटर्न (एसएस म्हणजे रुग्ण, एएस म्हणजे वाहक) आपल्या बोलीत रुळलाय. तीन महिन्यांची शुगर म्हणून जी तपासणी करतात ती तांबड्या पेशींवर साखरेचा थर किती चढला ते मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते हे त्यात गृहीत धरलेलं असतं. एसएसच्या रुग्णात ती दहा-वीस दिवसांत मोडते. थर चढायला वेळच मिळत नाही. आकडा सुंदर येतो, माणूस आजारी असतो. म्हणून सिकलसेलच्या घरातल्यांनी तपासणीच्या वेळी डॉक्टरांना पॅटर्न आधी सांगावा, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर मोजून घ्यावी.

वेळ झाल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी दोनदा सरकवली आहे.

येताना माझी १९७९ ची वही सोबत आणली. त्या आठवड्याच्या पानावर माझ्याच अक्षरात असं लिहिलंय : 'प्राणी क्र. ८ ते १२. लघवीत साखर नाही. प्रतिसाद नाही. निष्कर्षातून वगळले.' खाली दुहेरी रेघ मारली आहे. मुरमुऱ्यांचा उल्लेख कुठेच नाही, मामांचाही नाही. वही इथे टेबलावर ठेवतो. चहाच्या वेळी ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी, पानं जरा जपून उलटावीत.